पडीक जमीन आणि एक बेडूक

आपल्या भाषेनें बेडकाचा फारसा मान ठेविलेला नाहीं. कोत्या बुद्धीच्या मनुष्यास आपण कूपमंडूक म्हणतों, आणि आपण स्वतः विहिरीबाहेरचे आहों असें गृहीत धरून चालतों. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील मंडूकसूक्ताच्या कर्त्यास मात्र पावसाळ्यांतील बेडकांचा घोष ब्राह्मणांच्या पठणासारखा वाटला होता. त्यांत थट्टा किती व आदर किती, हा वाद पंडितांनीं करावा.

कांहीं वर्षांपूर्वीं जूनच्या आरंभीं आम्ही विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन आंबेगांव तालुक्याच्या पश्चिमेकडील एका पठारावर वृक्षारोपणास गेलों होतों. कागदोपत्रीं ती जमीन पडीक होती. आमच्या डोळ्यांसही ती तशीच दिसली. वाळलेलें गवत, उघडा कातळ, सावलीचें नांव नाहीं. कातळांत जेथें जेथें सखल जागीं माती सांचली होती तेथें खणणें सोपें, म्हणून तेथेंच आम्हीं ग्लिरिसिडिया लाविला. एक महादेव कोळी म्हातारा बराच वेळ पाहात उभा होता. शेवटीं म्हणाला, "मास्तर, हितं गवातच बरं हाय." आम्ही हसलों, आणि झाडांचे फायदे त्यास समजावून सांगितले.

पुढें एका श्रावणांत भीमाशंकराहून परततांना त्याच म्हाताऱ्याच्या घरीं रात्र काढण्याचा योग आला. पाऊस उघडला आणि पठारावरून रातकिड्यांसारखी किरकिर ऐकूं येऊं लागली. बॅटरी घेऊन गेलों तों गवतांतल्या वीतभर खोल डबक्यांच्या कांठीं बोटाच्या पेराएवढे बेडूक, गळ्याखालीं फुगे फुगवून बसलेले. डबकीं आटण्यापूर्वीं अंड्यांतून निघालेल्या पिलांना शेपटी टाकून पाय फुटले पाहिजेत. इतकी त्यांची मुदत. आमचीं झाडें जगलीं होतीं त्या बाजूस मात्र सामसूम होती. सखल जागा म्हणून आम्हीं जीं निवडलीं, तीं हींच डबकीं होतीं.

हिंदुस्थानच्या प्राणिसर्वेक्षण खात्याचे पहिले संचालक नेल्सन अॅनन्डेल ह्यांनीं १९१९ सालीं अशाच एका लहान बेडकास सह्याद्रीचें नांव दिलें. हे बेडूक दिसण्यांत एकमेकांशीं इतके मिळतेजुळते कीं एका नांवाखालीं अनेक जाती दडलेल्या असूं शकतात. उत्तर सह्याद्रींतील अशाच एका बेडकाची नवी जाति म्हणून २०१९ सालीं नोंद झाली. तिच्या शास्त्रीय नांवांत 'मराठी' हा शब्द आहे.

आतां प्रश्न असा कीं, आमचा हेतु निर्मळ होता, तर आम्ही दोषी कीं निर्दोष? हेतूवरून कर्म पारखावें कीं परिणामावरून, हा वाद आम्हीं पंचवीस वर्षें वर्गांत शिकविला. त्या रात्रीं दोन्ही पक्ष आम्हांस अपुरे वाटले. हेतूचा पक्ष आम्हांस फारच स्वस्तांत सोडतो. परिणामाचा पक्ष विचारतो कीं डबक्यांतल्या बेडकांची हानि ती किती? आम्हांस ठाऊक नव्हतें, हें खरें. पण तें कां ठाऊक नव्हतें? जें दूर करणें हातीं नसतें तें अज्ञान निराळें, आणि जें एका प्रश्नानें दूर झालें असतें तें निराळें. म्हाताऱ्याला "कां?" एवढेंच विचारावयाचें होतें. 'पडीक' ह्या एका शब्दानें आमच्या वतीनें आधींच सगळें पाहून ठेविलें होतें.

कोणी म्हणेल, असले बेडूक भातखाचरांतही ओरडतात. ही जाति कांहीं नामशेष होत नाहीं. कबूल. परंतु शेजाऱ्याचें घर पाडून, अशीं घरें गांवांत पुष्कळ आहेत असें आपण म्हणत नाहीं. १९८७ सालीं बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद झाली, तेव्हांही बेडूक पिकांवरील किडे खातो हें कारण पुढें करावें लागलें. उपयोगाचा दाखला आणल्याखेरीज आपण कोणास जगूं देण्यास राजी नसतों, आणि पेराएवढ्या बेडकापाशीं तो दाखला कोठून असणार?

यंदाच्या वृक्षारोपणाचें पत्र टेबलावर पडून आहे. मुलांना न्यावें, पण जूनमध्यें नव्हे, श्रावणांतल्या एखाद्या रात्रीं, आणि कुदळी घरीं ठेवून, असें उत्तर लिहावें म्हणतों. पत्र पाठविणाऱ्यांस तें विक्षिप्तपणाचें वाटेल, ह्याची आम्हांस खात्री आहे.