'ढ'चं वळण

अभ्यासात मागे असलेल्या मुलाला नाव ठेवायला मराठी माणूस आख्खा शब्दही खर्च करत नाही. एका अक्षरात काम भागतं: ढ. हेच अक्षर का, याची एक व्युत्पत्ती सांगतात. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत येता येता बाकीच्या अक्षरांची वळणं पार बदलली. अशोकाच्या शिलालेखातला 'क' म्हणजे नुसतं अधिकचं चिन्ह, आज कुणाला ओळखू यायचा नाही. 'ढ' मात्र दोन हजार वर्षांत जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून वर्षानुवर्षं त्याच इयत्तेत बसणारा तो ढ. व्युत्पत्ती खरी, की कुणा मास्तरांनी ऑफ तासाला रचलेली, देव जाणे. पण ते अक्षर चिकटवणाऱ्याच्या मनातला सिद्धान्त तिच्यात पुरता उतरलाय. हा काही बदलायचा नाही.

तसं आपल्या भाषेनं दोन्ही बाजूंची सोय करून ठेवली आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असंही आपण म्हणतो आणि टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असंही. कुठली म्हण केव्हा काढायची, हे बहुधा मूल कुणाचं आहे यावर ठरतं. घरच्याला टाकी, शेजारच्याला आड. शाळेच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं रंगवलेला, वाळूतून तेल काढायला सांगणारा सुविचार आठवत असेल. भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या श्लोकाचं वामन पंडितांनी मराठी केलं, त्यातला तो तुकडा. सबंध श्लोक वाचल्यावर मी चाट पडलो. वाळूतून तेल निघेल, मृगजळानं तहान भागेल, एकवेळ सशाचं शिंगही सापडेल, पण मूर्खाचं मन काही वळवता येणार नाही, असा त्याचा रोख आहे. म्हणजे श्लोक माणूस न बदलण्याबद्दलचा, आणि आपण त्याची शेपटी तोडून तो प्रयत्नवादाचा फलक म्हणून टांगला. ज्यांनी टांगला त्याच शाळेत आमच्या तुकड्या मार्कांवरून पाडलेल्या होत्या.

आठवीच्या पहिल्या दिवशी नोटीसबोर्डावर याद्या लागल्या. मी 'अ'त, माझा मित्र 'ड'त. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर. गणिताला दोन्ही तुकड्यांना सर एकच होते, आणि ते वाईट शिक्षक नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या वर्गात कुणाचं उत्तर चुकलं तर सर म्हणत, "परत बघ, कुठंतरी घसरलायस." आणि खडू हातात घेऊन थांबत. घरी जाताना मित्र सांगायचा, 'ड'मध्ये उत्तर चुकलं की सर म्हणतात, "बस खाली." रागानं नाही, उलट जरा मायेनंच. बिचाऱ्याला उगाच उभं कशाला ठेवा. सहामाहीपर्यंत मित्रानं हात वर करणंच सोडलं होतं.

कुवतीबद्दलची कल्पना कशी कशी बदलत गेली हे पुढं वाचत गेलो, तेव्हा मला सारखं ते "बस खाली" ऐकू येत होतं.

या कल्पनेला आकडेमोडीचा पोशाख पहिल्यांदा चढवला तो इंग्लंडमध्ये, डार्विनचा नातलग फ्रान्सिस गाल्टन यानं. १८६९च्या 'हेरेडिटरी जीनियस' या ग्रंथात त्यानं न्यायाधीश, सेनापती, शास्त्रज्ञ यांच्या वंशावळी मांडल्या आणि थोरपण रक्तातून उतरतं असा निष्कर्ष काढला. न्यायाधीशाच्या मुलाला बापाच्या रक्ताबरोबर बापाची पुस्तकं, ओळखीपाळखी आणि जेवणाच्या टेबलावरच्या गप्पाही वारशात मिळतात, हे त्याच्या फारसं मनावर आलं नाही. खाण तशी माती, हेच पण तक्त्यांसकट.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने याची गोष्ट वेगळी, आणि मला या सगळ्यात तोच माणूस जवळचा वाटतो. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांचं काय करायचं, यासाठी १९०४मध्ये फ्रेंच सरकारनं एक समिती नेमली. बिने तिच्यात होता. शिक्षकानं नुसतं मनात आलं म्हणून एखाद्या मुलाला 'मंद' ठरवू नये, यासाठी त्यानं तेओदोर सिमोनबरोबर १९०५मध्ये तीस प्रश्नांची चाचणी तयार केली. ऐकलेले आकडे परत म्हणायचे, डब्या वजनानुसार लावायच्या, वस्तू ओळखायच्या. कुणाला जादा मदत लागेल एवढंच त्याला हुडकायचं होतं. पण बुद्धी म्हणजे ठरावीक मापाचं भांडं, त्यात भर घालता येत नाही, असं म्हणणारे विद्वान त्याच्याभोवती होतेच. १९०९च्या पुस्तकात त्यानं या निराशावादाला क्रूर म्हटलं आणि त्याविरुद्ध उभं राहिलं पाहिजे असं बजावलं. विद्यार्थी असताना एका परीक्षकानं त्यालाही 'तुला हे कधीच जमणार नाही' या अर्थाचं सुनावलं होतं. त्यातला 'कधीच' त्याला आयुष्यभर बोचत राहिलेला दिसतो.

तो नुसता बोलून थांबला नाही. अशा मुलांच्या वर्गांसाठी त्यानं मनाचे व्यायाम सुचवले, आणि त्यातला एक तर आपल्याकडच्या कुठल्याही गल्लीतल्या पोराला येतो: स्टॅच्यू! शिक्षकानं खूण केली की आहे त्या अवस्थेत सगळ्यांनी थिजून उभं राहायचं. पहिल्या दिवशी सगळा गोंधळ आणि हसाहशी. मग रोज थोडं थोडं जास्त वेळ. जे मूल क्षणभर लक्ष देऊ शकत नव्हतं, त्याला आता स्वतःला आवरता येतंय हे वर्गाला दिसतं, आणि मुख्य म्हणजे त्या मुलाला दिसतं. आधी शिकायचं कसं हे शिकवा, व्याकरण मागून येईल, असा त्याचा हिशेब होता. १९११मध्ये बिने गेला.

त्याच्या माघारी चाचणीचं जे झालं ते त्यानं पाहिलं नाही हे बरंच. १९१२मध्ये जर्मनीत विल्यम स्टर्ननं मानसिक वय आणि खरं वय यांचा भागाकार करून एक आकडा काढण्याची युक्ती सुचवली; १९१६मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लुईस टर्मननं त्याला शंभरानं गुणून बुद्ध्यांक घरोघरी पोचवला. पहिल्या महायुद्धात सतरा लाखांच्या आसपास सैनिक अशा चाचण्यांखालून गेले. मदत कुणाला द्यायची यासाठी केलेलं माप आता कुणाला कुठं बसवायचं यासाठी वापरात आलं. टर्मननं १९२१पासून असामान्य बुद्धीची मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला. चाळणीत खाली पडलेल्यांत विल्यम शॉक्ली आणि लुईस आल्व्हारेझ ही दोन पोरं होती. दोघांनाही पुढं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. चाळणीच्या वर राहिलेल्यांत ते कुणालाच मिळालं नाही. (शॉक्ली म्हातारपणी वंशावरून बुद्धी ठरते असं सांगत हिंडला, हा वेगळाच विनोद.)

आपल्याकडेही ही चाचणी आली. धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी १९३०च्या दशकात तिचं मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केलं. बिने-कामत चाचणी म्हणून ती अजून ओळखली जाते. पण बहुतेक मराठी घरांत 'बुद्धिमत्ता चाचणी' हा शब्द शिरला तो स्कॉलरशिपच्या परीक्षेतून. आमच्या वेळी ती चौथी-सातवीला असे, पुढं ती पाचवी-आठवीला नेली. मालिका पूर्ण करा, गटात न बसणारं पद ओळखा, आरशातली प्रतिमा कोणती. नाव बुद्धिमत्तेचं, आणि त्यासाठी पहाटे पाचला उठवून जादा तास, गाइडं, सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे! उपजत म्हणून जी मोजायची तिचाच रट्टा मारायचा, यात कुणालाही काही विसंगत वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्या जादा तासांना बसणाऱ्यांनी बिनेचं म्हणणं न वाचताच सिद्ध केलं होतं. फक्त पुढं आठवीत 'ड'ला जादा तास नव्हते.

इथं एक पाऊल मागं येऊन महात्मा फुल्यांकडे बघावंसं वाटतं. १८८२मध्ये हंटर आयोगापुढं दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांतले शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत अशी मागणी केली. कारण असे शिक्षक मुलांत मोकळेपणानं मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील. गाल्टनचं पुस्तक येऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती आणि इकडे पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून कुवत ठरवणारा समाज होता. शूद्रांच्या मुलांना बुद्धी आहे की नाही या वादात अडकून न पडता, समोर उभा राहणारा या मुलांकडे कुठल्या नजरेनं बघतो, यावर फुल्यांनी बोट ठेवलं.

अमेरिकेत हे प्रयोगानं दाखवायला १९६४ उजाडावं लागलं. कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेंथाल आणि मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी शिक्षकांना काही मुलांची नावं दिली: चाचणी सांगते, ही मुलं यंदा चमकणार. नावं प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढलेली होती. वर्षअखेर पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा जास्त वाढलेला दिसला. १९६८मध्ये पुस्तक निघालं आणि त्यावर टीकेची झोड उठली. वरच्या इयत्तांत परिणाम जवळपास नव्हताच आणि मोजमापातही खोट काढली गेली; ती टीका बरीचशी रास्त होती. मला त्यातून उरतं ते रोझेंथालनं पुढं केलेलं वर्णन. ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याच्याशी शिक्षक जरा उबेनं वागतो, त्याला जास्त शिकवतो, उत्तर द्यायला जास्त संधी देतो आणि चुकलं तर काय चुकलं ते नीट सांगतो. खडू हातात घेऊन थांबणं, म्हणजे हेच.

मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक हिनं हा विचार मुलाच्या डोक्यात नेला. तिच्या स्वतःच्या सहावीच्या वर्गात, ब्रुकलिनमध्ये, बाईंनी मुलांना बुद्ध्यांकाच्या क्रमानं बसवलं होतं. झेंडा धरायचा, डस्टर झटकायचे, मुख्याध्यापकांकडे चिठ्ठी न्यायची, ही कामंसुद्धा वरच्या आकड्यांनाच. ड्वेक वरच्या रांगेतली, आणि तरी तिला आठवते ती धास्ती: पुढच्या चाचणीत हा आकडा गेला तर? १९९८मध्ये क्लॉडिया म्यूलरबरोबर तिनं पाचवीच्या मुलांना आकृत्यांची कोडी दिली. सोडवल्यावर काहींना सांगितलं, तू हुशार आहेस. काहींना, तू कष्ट घेतलेस. फरक एका वाक्याचा. मग सगळ्यांना अवघड कोडी दिली. त्यानंतर पुन्हा सोपी आली तेव्हा 'हुशार' मुलांचे गुण पहिल्यापेक्षा घसरले, 'कष्टाळू' मुलांचे वाढले. दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांना आपले गुण कळवा म्हटल्यावर 'हुशार' गटातल्या चाळीस टक्क्यांच्या आसपास मुलांनी ते फुगवून लिहिले. 'अ' तुकडीत काढलेली माझी तीन वर्षं मला इथं नीट दिसली. आमच्यात कुणी शंका विचारत नसे.

२००६मध्ये ड्वेकचं 'माइंडसेट' आलं आणि पुढं ठरलेलंच झालं. पोस्टर निघाले, कॉर्पोरेट शिबिरं निघाली, 'मला जमत नाही' ऐवजी 'मला अजून जमत नाही' म्हणा, असे तक्ते वर्गावर्गात लागले. नापास झालेल्याला 'तुझा माइंडसेटच फिक्स्ड' असं ऐकवणारेही निघाले. जुन्या 'ढ'ला नवं इंग्रजी नाव मिळालं, आणि वर दोष पुन्हा त्याच्याच डोक्यात. कष्टांची पोकळ वाहवा म्हणजे माझं म्हणणं नव्हे, हे खुद्द ड्वेकला लिहून सांगावं लागलं. २०१८मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सरासरी परिणाम अगदीच क्षीण निघाला. २०१९मध्ये डेव्हिड येगर, ड्वेक आणि इतरांनी बारा हजारांहून अधिक नववीच्या मुलांवर तासाभरापेक्षाही कमी वेळाचा ऑनलाइन पाठ तपासला: मेंदू सरावानं वाढतो, एवढंच सांगणारा. मागे असलेल्या मुलांचे गुण चारच्या मापावर साधारण ०.१ इतके वाढले. थोडेच, पण खर्चाच्या मानानं वाईट नाही. आणि २०२२मध्ये त्याच माहितीतून निघालं की गणितात हा पाठ लागू पडला तो ज्यांच्या शिक्षकांनाही बुद्धी वाढते असं वाटत होतं, त्या मुलांना. इतरत्र मुलानं विश्वास ठेवला तरी वर्गात तो खर्च करायला जागाच नव्हती.

तो निष्कर्ष वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माझ्या 'ड'मधल्या मित्राकडे गेलो होतो, मिक्सर घेऊन. त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात गावोगावच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी दारात रांगेनं पडलेल्या असतात. एक पोरगा स्टेटरच्या खाचांत तांब्याची कॉइल बसवत होता. मित्रानं मीटर लावला, मान हलवली, "एका कॉइलचे टर्न कमी आहेत. काढ आणि परत भर." पोरानं तोंड वाकडं केलं, पण काढायला घेतलं. मित्र तिथंच स्टुलावर बसून राहिला. माझा मिक्सर तसाच.

"सगळ्यांना येतं का रे हे?" मी विचारलं.

"येतं. कुणाला चार महिने, कुणाला वर्ष." मग जरा थांबून म्हणाला, "मागं एक होता. त्याला नाही आलं."

"ढ होता?"

त्यानं मीटरच्या वायरी गुंडाळल्या. "तसं नाही. सीझन होता, मोटरी तुंबल्या होत्या. मीच कंटाळलो."