पटावर बुडालेली अकागी

१९४२च्या मे महिन्याचे पहिले दिवस. हिरोशिमाच्या दक्षिणेला हाशिराजिमा इथे जपानचं आरमार नांगर टाकून उभं होतं. त्यातल्या सर्वांत मोठ्या, यामातो या युद्धनौकेवर अधिकाऱ्यांची गर्दी जमली होती. टेबलावर पॅसिफिक महासागराचा नकाशा होता आणि त्यावर जहाजांच्या खुणा मांडलेल्या होत्या. महिन्याभराने जी लढाई प्रत्यक्ष लढायची, तिची तालीम चालली होती. एका गटाने जपानची बाजू घ्यायची, दुसऱ्याने अमेरिकेची. कुणाच्या विमानांनी हल्ला केला की पंचाने फासे टाकायचे आणि नियमांच्या तक्त्यात बघून किती बॉम्ब लागले ते सांगायचं.

लक्ष्य होतं मिडवे. हवाई बेटांच्या वायव्येला, भर समुद्रात, नकाशावर टाचणी टोचावी एवढी जागा. आरमारप्रमुख ॲडमिरल यामामोतो इसोरोकु यांचा हिशेब असा होता की मिडवेवर घाला घातला की अमेरिकेच्या उरलेल्या विमानवाहू नौका त्याच्या बचावाला धावतील आणि तिथेच त्यांचा निकाल लावता येईल. या हिशेबावर शंका घेण्याच्या मनःस्थितीत तिथे फारसं कुणी नव्हतं. डिसेंबरात पर्ल हार्बर झालं होतं, फेब्रुवारीत सिंगापूर पडलं होतं. एप्रिलात जपानी विमानवाहू नौकांच्या विमानांनी कोलंबो आणि त्रिंकोमाली भाजून काढली होती. त्याच सुमारास दुसऱ्या एका जपानी तुकडीचे बॉम्ब आपल्या विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावरही पडले होते. पाच महिने ज्याला कुणी अडवलं नाही, त्याला आपण अडू शकतो हे पटणं कठीण असतं.

तालमीत एक प्रसंग आला. जपानी नौकांची विमानं मिडवेवर बॉम्ब टाकायला गेलेली होती. नेमकी तीच वेळ साधून मिडवेवरच्या अमेरिकी विमानांनी त्या नौकांवर झडप घातली. पंच होते लेफ्टनंट कमांडर ओकुमिया मासाताके. त्यांनी फासे टाकले, तक्ता पाहिला आणि निकाल सांगितला: नऊ बॉम्ब लागले, अकागी आणि कागा या दोन्ही विमानवाहू नौका बुडाल्या.

तालमीचे सूत्रधार होते रिअर ॲडमिरल उगाकी मातोमे, यामामोतोंचे चीफ ऑफ स्टाफ. त्यांनी लगेच निकाल फिरवला. नऊ नव्हे, तीनच बॉम्ब लागले असं धरा. मग कागा बुडाली आणि अकागीला थोडीफार इजा झाली असं ठरलं. ओकुमिया चकित झाले, पण तो काळ आणि ते आरमार ध्यानात घेता एका लेफ्टनंट कमांडरने ॲडमिरलपुढे तोंड उघडणं शक्य नव्हतं. पुढे त्याच तालमीत फिजी आणि न्यू कॅलेडोनियाच्या मोहिमेचा डाव मांडला गेला, तेव्हा बुडालेली कागाही पटावर पुन्हा तरंगू लागली. त्या खोलीत आरमारातले सगळे जाणते बसले होते.

आपल्याकडे फासे म्हटले की हस्तिनापूरची सभा डोळ्यांपुढे येते. तिथे फासे कपटाचे होते आणि वडीलधारे निमूट बसून राहिले. यामातोवर फासे खरे होते, तरी बसून राहणारे तसेच होते.

उगाकींवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. उंचावरून जाणाऱ्या विमानांना धावत्या जहाजावर नेमका बॉम्ब टाकणं फार अवघड असतं. प्रत्यक्ष लढाईच्या दिवशी मिडवेवरून आलेल्या विमानांचा एकही बॉम्ब किंवा टॉर्पेडो जपानी विमानवाहू नौकांना लागला नाही. तेव्हा आकडा उगाकींचाच जास्त बरोबर ठरला असं कुणी म्हणेल. पण फाशांनी आकडा तेवढा सांगितला नव्हता, एक प्रश्न विचारला होता. आपली विमानं बेटाकडे गुंतलेली असताना भलत्याच दिशेने कुणी आलं तर काय करायचं? आकडा दुरुस्त झाला आणि प्रश्न टेबलावरून पुसला गेला. तो त्याच बैठकीत तोंडी विचारलाही गेला होता, पण विमानवाहू ताफ्याचे प्रमुख नागुमो यांच्या अधिकाऱ्यांकडे धड उत्तर नव्हतं. यामामोतोंनी निम्मी विमानं टॉर्पेडो लावून राखीव ठेवा असं बजावलं आणि विषय पुढे सरकला.

त्याच दिवसांत हजारो मैलांवर, पर्ल हार्बरच्या एका तळघरात, जोसेफ रोशफोर्ट नावाचा आरमारी अधिकारी जपानी संदेशांची सांकेतिक लिपी उलगडत बसला होता. तळघरातल्या थंड हवेमुळे गणवेशावर घरातला लाल कोट, पायांत सपाता. झोप मिळेल तेव्हा तिथेच. हाती लागत होते ते संदेशांचे तुकडे, आणि त्यांत पुन्हा पुन्हा येणारी दोन अक्षरं: ‘एएफ’. मोठा हल्ला ‘एएफ’वर होणार हे दिसत होतं. रोशफोर्टच्या मते एएफ म्हणजे मिडवे. वॉशिंग्टनमधल्या वरिष्ठांना ते मान्य नव्हतं.

इथे रोशफोर्टच्या माणसांनी जे केलं ते मला या साऱ्या युद्धातल्या मोठमोठ्या तोफांपेक्षा मोलाचं वाटतं. त्यांनी स्वतःचं म्हणणं कसोटीला लावलं. समुद्राखालच्या केबलवरून मिडवेला गुपचूप निरोप गेला: तुमचं पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलंय, असा संदेश रेडिओवर उघड्या भाषेत पाठवा. मिडवेने तसं केलं. थोड्याच काळात एक जपानी संदेश पकडला गेला. त्यात म्हटलं होतं की ‘एएफ’वर गोड्या पाण्याची टंचाई आहे. वाद मिटला.

पॅसिफिकमधल्या अमेरिकी आरमाराचे प्रमुख ॲडमिरल चेस्टर निमित्झ यांनी सपाता घालणाऱ्या या माणसाचं ऐकलं. मग त्यांनी आपले गुप्तवार्ता अधिकारी एडविन लेटन यांना कोपऱ्यात गाठलं. मोघम नको, जपानी नौका कुठे, कधी आणि कुठल्या दिशेने दिसतील ते नेमकं सांगा. लेटननी नाखुशीनेच आकडे दिले: ४ जूनची सकाळ, सहाच्या सुमारास, वायव्येकडून ३२५ अंशांवर, मिडवेपासून १७५ मैल. त्या दिवशी सकाळी टेहळणी विमानाचा निरोप आला, तेव्हा निमित्झ यांनी हिशेब करून लेटनना सांगितलं की फरक पाच मिनिटांचा, पाच अंशांचा आणि पाच मैलांचा आहे.

निमित्झकडे विमानवाहू नौका होत्या दोन, एंटरप्राइज आणि हॉर्नेट. तिसरी, यॉर्कटाउन, कोरल समुद्रातल्या लढाईत बॉम्ब खाऊन २७ मेला पर्ल हार्बरला पोहोचली. दुरुस्तीला तीन महिने लागतील असा अंदाज होता. गोदीतलं पाणी उपसलं जात असतानाच निमित्झ गुडघ्यांच्या वर येणारे रबरी बूट चढवून तिच्या बुडाखाली उतरले, फाटलेला पत्रा स्वतः पाहिला आणि तीन दिवसांची मुदत दिली. सुमारे चौदाशे कामगार रात्रंदिवस राबले. ३० मेला यॉर्कटाउन समुद्रावर निघाली. त्याच लढाईतून जपानची झुइकाकू धडधाकट परतली होती. तिचे वैमानिक मात्र बरेच कमी झाले होते, म्हणून तिला मिडवेच्या मोहिमेतून वगळलं. दुसऱ्या नौकेचे वैमानिक तिच्यावर चढवावेत असं कुणाला वाटलं नाही. चार नौका पुरेशा वाटत होत्या ना!

४ जूनच्या पहाटे साडेचारला व्हाइस ॲडमिरल नागुमो चुइची यांच्या चार नौकांवरून, म्हणजे अकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू यांवरून, १०८ विमानं मिडवेकडे झेपावली. टेहळणीला मोजकीच विमानं निघाली. त्यांतलं तोने या क्रूझरवरचं एक अर्धा तास उशिरा उडालं. आजूबाजूला शत्रू नाहीच असं गृहीत धरलं की टेहळणी ही उरकायची गोष्ट होते.

सातच्या सुमारास मिडवेवर गेलेल्या विमानांकडून निरोप आला की एका हल्ल्याने भागलेलं नाही, दुसरा लागेल. सव्वासातला नागुमोंनी राखीव विमानांचे टॉर्पेडो काढून जमिनीवर टाकायचे बॉम्ब लावायला सांगितलं. ही तीच विमानं, जी जहाजांसाठी तशीच ठेवा असं यामामोतोंनी बजावलं होतं. हँगरमध्ये धावपळ उडाली. एकेक टॉर्पेडो आठशे किलोंच्या घरातला. तो उतरवायचा, गाड्यावर घ्यायचा, बॉम्ब आणायचा, चढवायचा. निम्मंअर्धं काम झालं आणि उशिरा उडालेल्या त्या टेहळणी विमानाचा संदेश येऊन थडकला: शत्रूची दहा जहाजं दिसताहेत. बदल थांबवा असा हुकूम सुटला. आठ वाजून वीस मिनिटांनी पुढचा संदेश आला की त्यांत एक विमानवाहू नौका असावी.

यामातोवर पुसला गेलेला प्रश्न आता समोर उभा होता आणि उत्तराला मिनिटं उरली होती. हिर्यूवरून रिअर ॲडमिरल यामागुची तामोन यांनी कळवलं की जे हाताशी आहे ते घेऊन आत्ताच हल्ला करा. पण मिडवेहून परतलेली विमानं माथ्यावर घिरट्या घालत होती, त्यांचं इंधन संपत आलं होतं. ती उतरवून घेऊ, मग नीट तयारीने पूर्ण ताकदीचा हल्ला करू, असं नागुमोंनी ठरवलं. त्या घटकेला हा निर्णय वेडेपणाचा नव्हता. चूक महिन्यापूर्वीच झालेली होती.

सव्वानऊनंतर अमेरिकी टॉर्पेडो विमानं आली. जुनाट, संथ, सोबतीला लढाऊ विमानांचं धड संरक्षण नाही. हॉर्नेटवरची पंधराच्या पंधरा पडली आणि त्यांतल्या तीस जणांपैकी जॉर्ज गे हा एकच वैमानिक वाचला. तिन्ही नौकांची मिळून एक्केचाळीस विमानं गेली, परतली बोटांवर मोजण्याइतकी. एकही टॉर्पेडो लागला नाही. पण त्यांच्या मागे धावताना जपानी लढाऊ विमानं खाली, पाण्यालगत आणि एका बाजूला ओढली गेली.

तेवढ्यात एंटरप्राइजच्या बॉम्बफेकी विमानांचे म्होरके वेड मॅक्लस्की इंधन संपत आलेलं असतानाही शोध घेत होते. खाली त्यांना भरधाव जाणारी एक जपानी विनाशिका दिसली. ती होती आराशी. एका अमेरिकी पाणबुडीला दाबून ठेवण्यासाठी मागे राहिली होती आणि आता ताफा गाठायला धावत होती. मॅक्लस्कीनी तिचाच रोख धरला. साडेदहाच्या आत, काही मिनिटांत, कागा, सोर्यू आणि अकागी तिघीही पेटल्या. अकागीला वर्मी लागलेला बॉम्ब एकच होता, डिक बेस्ट या वैमानिकाचा. पण तो डेक फोडून हँगरमध्ये गेला. तिथे इंधन भरलेली विमानं उभी होती आणि घाईत काढलेले बॉम्ब कोठारात परत न जाता तसेच बाजूला रचलेले होते. फाशांनी अकागीसाठी बरेच बॉम्ब मोजले होते, प्रत्यक्षात एकाने काम झालं.

हिर्यूने यॉर्कटाउनला घायाळ केलं आणि संध्याकाळी हिर्यूही पेटली. यामागुची तिच्याबरोबर बुडाले. तीन हजारांवर जपानी सैनिक मेले, अमेरिकेचे तीनशेच्या आसपास. यानंतर पॅसिफिकमध्ये पुढाकार जपानच्या हाती पुन्हा आला नाही.

टोकियोने १० जूनला जाहीर केलं की आपली एक विमानवाहू नौका बुडाली आणि एक जबर जखमी झाली, शत्रूच्या मात्र दोन बुडवल्या. जखमींना रात्रीच्या अंधारात इस्पितळात नेऊन इतरांपासून वेगळं ठेवलं गेलं. अकागी समुद्राच्या तळाशी होती, तरी आरमाराच्या नोंदवहीत तिचं नाव २५ सप्टेंबरपर्यंत कायम होतं.

खरं बोलणाऱ्याचं जिंकणाऱ्या बाजूला कौतुक झालं असेल असं वाटतं. निमित्झनी रोशफोर्टसाठी पदकाची शिफारस केली. ज्या वरिष्ठांना त्याने खोटं ठरवलं होतं त्यांनी ती हाणून पाडली, आणि ऑक्टोबरात त्याला तळघरातून हलवण्यात आलं. पुढे त्याला एका तरंगत्या गोदीचा कारभार दिला गेला. तो १९७६ साली वारला. पदकं त्यानंतर आली, १९८०च्या दशकात.

ओकुमियांनी मिडवे पाहिलंच नाही. त्या दिवशी ते उत्तरेला अल्यूशियन बेटांच्या मोहिमेवर होते. युद्ध संपल्यावर त्यांनी आणि फुचिदा मित्सुओंनी मिळून मिडवेवर पुस्तक लिहिलं. ते १९५१ साली जपानीत आणि नंतर इंग्रजीत आलं. फुचिदा हे पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याचे म्होरके. मिडवेच्या वेळी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे ते अकागीवर अडकून पडले होते. फाशांची हकिगत जगाला या पुस्तकामुळे कळली, आणि स्वतःच्या आरमाराचं हे उणं छापण्याचं धैर्य दाखवलं म्हणून मी या दोघांचा ऋणी आहे. पण त्याच पुस्तकात फुचिदांनी लिहिलं की बॉम्ब पडले तेव्हा जपानी विमानं डेकवर सज्ज उभी होती, पाच मिनिटं मिळती तर ती उडाली असती. पाच मिनिटांची ही गोष्ट कित्येक वर्षं पुस्तकांतून फिरली, कारण ती ऐकायला बरी वाटते. त्यात पराभव नशिबाच्या खात्यावर जातो. जपानच्या अधिकृत युद्धेतिहासाने १९७१ सालीच वेगळं लिहिलं होतं. इंग्रजी वाचकांपर्यंत ते पोहोचायला पार्शल आणि टली या इतिहासकारांचं २००५ सालचं पुस्तक यावं लागलं. त्या दोघांनी नौकांच्या कामाच्या नोंदी ताडून पाहिल्या. डेकवर त्या वेळी चढत-उतरत होती ती मुख्यतः संरक्षणाची ‘झीरो’ लढाऊ विमानं. हल्ल्याची विमानं खाली हँगरमध्येच होती आणि ती वर आणून उडवायला पाच मिनिटं नव्हे, पाऊण तासाच्या आसपास वेळ लागला असता.