एका शब्दाचा त्रास

‘त्रास’ हा शब्द अनुवादकाची परीक्षा पाहतो. डास चावले तरी त्रास, आणि नको म्हटल्यावरही कुणी रात्री-अपरात्री फोन करत राहिला तरी त्रासच. बोलण्यात हे चालून जाते, कायद्यात नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ने वैताग, गैरसोय आणि धमकी यांना एकाच वाक्यात बसवले होते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिणारी पालघरची तरुणी आणि ते ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले.

२०१३ साली भारतीय दंड संहितेत आलेले कलम ३५४ड (आता भारतीय न्याय संहितेचे ७८) वेगळे विचारते: तिने स्पष्ट नकार दिल्यावरही तो संपर्क साधत राहिला का? तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवली का? इथे ऐकणाऱ्याच्या भावना किती दुखावल्या हे मोजायचे नसते, करणाऱ्याचे वागणे तपासायचे असते. म्हणून मला हा कायदा अधिक न्याय्य वाटतो.

तरी एक सल राहतो. संपर्काच्या बाबतीत नकार स्पष्ट करण्याचे ओझे तिच्यावरच आहे. आणि जी घाबरलेली असते ती अनेकदा ‘नको’ म्हणत नाही, फोन नुसता उलटा करून ठेवते. त्या गप्प राहण्याचा अनुवाद कोणी करायचा?