दुसऱ्याच्या पाठीवरचे वळ

पैठणला ज्ञानोबांनी ज्या रेड्यामुखी वेद वदवले, त्याची समाधी आमच्या जुन्नर तालुक्यात आळ्याला आहे. कीर्तनात सगळा भर वेदांवर असतो. मला मात्र त्याच कथेतली दुसरी गोष्ट मोठी वाटते. आसूड रेड्याच्या पाठीवर बसला आणि वळ ज्ञानोबांच्या पाठीवर उठले. सगळ्यांत आत्मा एकच, हे आम्ही माळकरी रोज म्हणतो. पण हे म्हणणाऱ्याने द्राक्षबागेत कसं वागायचं?

आमची बाग नारायणगावजवळ आहे. गोडी छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते कातडीला लागलं तर भाजतं. पुढे डाऊनी, भुरी हे रोग आणि थ्रिप्स ही कीड. फवारण्या संपत नाहीत. औषध आम्ही आणतो, माल आमचा, पैसाही आमचाच. अंगावर घेणारा मात्र डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या आदिवासी वाडीतून आलेला असतो. संध्याकाळी तोच शर्ट घालून तो घरी जातो, लेकरू धावत येऊन गळ्यात पडतं, आणि त्याची बायको तो शर्ट पोराच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजवते. आसूड आमचा आणि वळ तिथे.

म्हणून फवारणीचे कपडे आमच्याकडेच राहतात आणि ते मी धुते. सासूबाईंना हे पटेना. "मजुराची धुणी आपल्या दारात?" त्यांनी उभी हयात सोवळं पाळलं. मी म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या सोवळ्याचेच नियम लावलेत. बादली वेगळी, तार वेगळी, कुणी शिवायचं नाही." आपण इतकी वर्षं माणसांना लांब ठेवलं, ज्यांच्या स्पर्शाने काहीच होत नव्हतं. खरोखर जे लांब ठेवायला हवं, ते पाठपंपासकट घरात वावरत राहिलं.

हातमोजे हातात असतानाच साबणाने धुवायचे आणि मगच काढायचे, नाहीतर बाहेरचं सगळं उघड्या बोटांना लागतं. मग त्यात पाणी भरून दाबून बघायचं; टाचणीएवढं भोक दिसलं तरी मोजा बाद. मास्कचा रबरी भाग कोमट साबणपाण्यात धुवून सावलीत वाळवते, उन्हात रबर तडकतं. फिल्टरची डबी मात्र धुवायची नसते. तिच्यातला कोळसा उघडा राहिला तर हवेतलं शोषत बसतो आणि ऐन फवारणीत कामाचा राहत नाही, म्हणून ती पिशवीत घट्ट बंद करून ठेवते. कपडे गरम पाण्यात पावडर घालून धुते, दोनदा खळबळते आणि उन्हात टाकते. माझ्याही हातात तेव्हा मोजे असतात. धुण्याचं पाणी मीना नदीकडे जाणाऱ्या ओढ्यात सोडत नाही. वाळलेलं सगळं पडवीतल्या झाकणाच्या पेटीत ठेवते. औषधांच्या खोलीत ठेवलं तर तिथली वाफ परत कपड्यांत बसते.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. तेव्हा जो तो म्हणत होता, त्यांनी मास्क, मोजे घातले नव्हते. कालच्या घामाने ओला, वास मारणारा मास्क उन्हात तोंडावर कोण चढवेल? सकाळी कोरडा आणि स्वच्छ हातात दिला तर माणूस घालतो, हे मी आमच्याच बागेत बघते.

काही जण यावर प्रारब्ध काढतात, ज्याचं त्याच्याबरोबर म्हणतात. मला हे मान्य नाही. स्वतःचं दुःख सोसायला प्रारब्धाचा आधार जरूर घ्यावा. दुसऱ्याच्या दुःखाला तोच शब्द लावला, तर आपण आसूड ओढणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभे राहतो. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचं रेसिड्यू प्रयोगशाळेत तपासतात, जास्त निघालं तर माल अडकतो. फवारणाऱ्याच्या शर्टावर किती उरलं, हे कुणी तपासत नाही. तो शर्ट बागेतून बाहेर जाऊ न देणं हा माझ्यापुरता परमार्थाचाच भाग आहे, हरिपाठाइतकाच.

यंदा छाटणीच्या आधी मोज्यांचा आणि कपड्यांचा एकेक जादा जोड आणायचा आहे. परतीच्या पावसात एका रात्रीत काही वाळत नाही, आणि ओलं त्याच्या हातात द्यायचं नाही.