उसना वेळ

मराठीत वेळ मिळतो, जातो, वाया जातो. आणि मिळत नसेल तर तो ‘काढावा’ लागतो. नोकरी आणि मुलं सांभाळून लिहिणाऱ्यांच्या तोंडी हा शेवटचा शब्द फार असतो. पण विहिरीतून पाणी काढलं की पातळी खाली जाते. वेळ काढला की कोणाची पातळी खाली जाते, हे आपण सहसा विचारत नाही.

उपनगरातल्या घरात उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. मी रविवारी सकाळी सात ते दहा लिहिते. त्या तीन तासांत मुलाची आंघोळ, नाश्ता, शाळेचा प्रोजेक्ट हे सगळं नवरा बघतो. आठवड्यात दोन संध्याकाळी पाळणाघराच्या काकू मुलाला तासभर जास्त ठेवून घेतात. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावरचा रोजचा सरासरी वेळ 299 मिनिटं निघाला, पुरुषांचा 97. लिहिण्याचा वेळ या हिशेबाच्या बाहेरून येत नाही. तो त्याच चोवीस तासांतून, कोणाच्या तरी वाट्यातून येतो. मग तो घेण्याचा मला काय अधिकार?

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येतं : मनात असलं की होतं. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, शेत आणि संसार होता, तरी गाणी झालीच. इंदिरा संतांच्या पतीचं 1946 साली निधन झालं. बेळगावात शिकवत, मुलं वाढवत त्यांनी कविता लिहिली. ही नावं आदराने घ्यावीत अशीच आहेत. पण ती घेतली जातात दुसऱ्या कोणाला गप्प बसवायला. ज्यांचं लिहिणं संसारात विरून गेलं त्यांची यादी कोणाकडेच नसते. आणि बहिणाबाईंची गाणी उरली ती सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी ती कागदावर उतरवून घेतली म्हणून. 1952 साली पुस्तक आलं तेव्हा त्या हयात नव्हत्या. तिथेही कोणीतरी आपला वेळ दिला होताच.

जात्यावरच्या ओव्या तर आणखी वेगळं काही सांगतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावांमधून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या रिकाम्या वेळात रचलेल्या नव्हत्या. हात गुंतलेले होते. पण पहाटेच्या त्या तासाला कोणी हाक मारत नव्हतं, आणि दळण संपेपर्यंत बाईला उठवायची कोणाची हिंमत नव्हती. पुढे पिठाची गिरणी आली. कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते. पण वाचलेल्या वेळात ओवी आली नाही, त्यात दुसरी कामं येऊन बसली. म्हणजे वेळ असणं पुरेसं नाही. त्या वेळाला कुंपण लागतं. 1992 साली चर्चगेट-बोरिवली मार्गावर महिला विशेष लोकल सुरू झाली. बायकांच्या डब्यात आजही कोणी भाजी निवडते, कोणी पोथी वाचते, कोणी फोनवर काही टिपत असते. तासाभराचं ते कुंपण नोकरीमुळे फुकट मिळतं. घरात मात्र ते कोणाला तरी राखावं लागतं.

दुसरं उत्तर मोठ्या कलावंतांचं. तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी 1976 सालच्या एका निबंधात चित्रकार गोगँच्या आयुष्यावरून एक उदाहरण रचलं. बायकामुलांना सोडून चित्रं काढायला गेलेल्या माणसाचं वागणं समर्थनीय होतं का? विल्यम्स यांचं म्हणणं असं की ते आधी ठरवताच येत नाही. समर्थन झालंच तर चित्रं साधली म्हणून होईल, आणि साधणं पुष्कळसं नशिबावर. तरीही ज्यांना सोडलं त्यांची तक्रार खोटी ठरत नाही.

हा निकष लावला तर आमच्यासारख्यांनी पेन खाली ठेवावं. माझी कथा एखाद्या दिवाळी अंकात येईल, चार जण वाचतील. तिच्या जोरावर कोणाच्या तीन तासांचं समर्थन होणार नाही. तरी मला वाटतं, हा निकषच चुकीच्या जागी लावलेला आहे.

चाळीत, आणि जुन्या सोसायट्यांत अजूनही, वाटीभर साखर उसनी मागता येते. देणारी बाई विचारत नाही की चहा किती चांगला होणार आहे. पण दोन गोष्टी गृहीत असतात : दार वाजवून मागायचं, आणि वाटी रिकामी परत करायची नाही. लिहिण्याचा वेळ मला असा वाटतो. तो माझा हक्क नाही, म्हणून न विचारता घेता येत नाही. तो चोरीही नाही, म्हणून अपराधी चेहऱ्याने घ्यायचं कारण नाही. मोठी लेखिका असल्याचा पुरावा द्यावा लागत नाही. उसनं घेतल्याचं लक्षात ठेवावं लागतं. नवऱ्याला शनिवारचा ट्रेक हवा असेल तर त्या दिवशी घर माझं. काकूंना जास्तीच्या तासाचे पैसे मिळतात, पण त्यांच्याही संध्याकाळी कोणीतरी वाट बघत असतं. त्यांनी ‘आज नाही जमणार’ म्हटलं तर तो शब्द अखेरचा.

मुलाचा हिशेब मात्र असा जुळत नाही. मोठ्यांचा शनिवार परत करता येतो, मुलाचं सातवं वर्ष परत करता येत नाही. त्याच्याकडून घेतलेला तास कायमचा घेतलेला. ‘मोठा झाल्यावर कळेल’ म्हणणं म्हणजे त्याच्या वतीने आपणच कर्ज माफ करून टाकणं. म्हणून त्याच्याकडून घ्यायचा तास मोजून घ्यावा, सांगून घ्यावा, आणि दहा म्हटलं की दहाला दार उघडावं, वाक्य अर्धं असलं तरी. अर्धं वाक्य पुढच्या रविवारपर्यंत थांबतं. कधी कधी ते हरवतंही. ते नुकसान माझं. लिहायची हौस माझी आहे, तर तेवढं मीच सोसणं रास्त.