फिकी रेघ

आत्याने दिवा मालवला आणि मोबाइलची टॉर्च तळहाताखाली धरली. बोटांच्या कडा लालभडक उजळल्या. "असंच ना बाळांच्या मेंदूतला ऑक्सिजन मोजणारं तुमचं यंत्र?"

"असंच. फक्त प्रकाश 700 ते 900 नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. तो कवटीतून आत जातो, विखुरतो, थोडासा परत येतो. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेतं. फ्रान्स योब्सिसने 1977 मध्ये हे दाखवलं."

"मग एआय कशाला?"

"परतलेल्या प्रकाशात कातडी, केस, हाड सगळ्यांची भेसळ असते. बाळ हललं की पडद्यावरची रेघ उड्या मारते. आमचा प्रोग्रॅम ती निवळतो."

नवजात अतिदक्षता विभागात आत्याची नोकरी झाली. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "नऊशे ग्रॅमचं बाळ होतं. रेघ घसरली की मी आधी सेन्सर बघायचे. एकदा सेन्सर जागेवरच होता, बाळाचाच श्वास थांबला होता. तुझ्या प्रोग्रॅमने ती रेघ निवळली असती का गं?"

छातीठोकपणे नाही म्हणणं मला जमेना. "खात्री नसेल तेव्हा आकडाच दाखवायचा नाही, असं करता येईल."

"रात्री तीनला एका सिस्टरकडे सहा बाळं. तिला कोरा पडदा देणार?"

"खोट्या आकड्यापेक्षा बरा. ती उठून बाळापाशी तरी जाईल."

"दोनदा जाईल, चारदा जाईल. दहाव्यांदा नाही उठणार."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

"आणि आकडा बघून बाळं वाचली का?"

"2023 मध्ये 1601 अतिशय अपुऱ्या दिवसांच्या बाळांची चाचणी प्रसिद्ध झाली. मेंदूचा ऑक्सिजन बघून उपचार केले, तरी मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा कमी झाली नाही. मला वाटतं, आकडाच गढूळ होता."

"किंवा आकडा बरोबर होता, पण पुढे काय करायचं ते कळत नव्हतं. ते तुझा प्रोग्रॅम शिकवणार का?"

"नाही."

"मग निदान कच्ची रेघ पुसू नकोस. फिकी ठेव, पण राहू दे."

लॅपटॉपवर जुनी नोंद उघडून मी निवळलेल्या रेघेमागे कच्ची रेघ राखाडी रंगात काढली. आत्याने चष्मा लावला. निवळलेली रेघ जिथे सरळ गेली होती, तिथे राखाडी रेघेत एक बारीक खड्डा होता. तिने त्यावर बोट ठेवलं.

"इथे मी उठले असते."