मी नसताना

मागच्या दिवाळीत माझा एक मित्र त्याची १९६७ सालची एमजीबी घेऊन कुंभार्ली घाट उतरला आणि आमच्या पोफळीला आला. दोन सीटांची, टप उघडता येणारी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. आमचं घर उतारावर. त्याने गाडी लावली, गिअरमध्ये टाकली आणि उतरला. ओटीवरून आजी म्हणाली, "चाकाला दगड लाव रे आधी."

तो हसला, पण दगड लावला. कारण गाडीला हँडब्रेक नव्हताच.

एमजीबीला मुळात पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. हँडब्रेकची केबल मागच्या ड्रमपर्यंत जाते. त्याने हौसेने मागेही डिस्क बसवल्या; ड्रम गेले, त्यांच्याबरोबर हँडब्रेकही गेला. आता दोन उपाय होते. एक म्हणजे पायाच्या ब्रेकमधलं ऑइल दाबाखाली अडकवून ठेवणारा व्हॉल्व्ह. सोपा, स्वस्त. पण ऑइल थंड झालं किंवा कुठे झिरपलं, की दाब उतरतो. दुसरा म्हणजे मागच्या डिस्कवर आणखी एक छोटा, फक्त केबलने आवळला जाणारा कॅलिपर. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपला चारही चाकांना डिस्क होत्या आणि हँडब्रेकसाठी मागे असे वेगळे कॅलिपर होते. पण त्यासाठी ब्रॅकेट बनवा, केबल ओढा, जागा शोधा. "वर्षात दहादा गाडी काढतो, त्यासाठी एवढं?" तो म्हणाला.

त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. पायाचा ब्रेक आपण गाडीत असतानाचा. हँडब्रेक आपण निघून गेल्यानंतरचा. मग आपण नसताना आपल्या वस्तूने, कामाने, माणसांनी कशाच्या आधारावर थांबायचं, ही जबाबदारी कोणाची?

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दोन ब्रेक यंत्रणा सांगितल्या आहेत, आणि त्या 'स्वतंत्र' हव्यात असं म्हटलं आहे. मला तो शब्द महत्त्वाचा वाटतो. एकाच ऑइलवर चालणारे दोन ब्रेक हे दोन नसतात. ते एकदमच जातात.

हे मला आधीच कळायला हवं होतं. पोफळीच्या डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजघर आहे, तिथे पेल्टन टर्बाइन आहेत. साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून येणारं पाणी एकदम बंद केलं तर पाइपात दाबाचा जबरदस्त तडाखा बसतो. म्हणून पेल्टनमध्ये नॉझल हळूहळू बंद होतं, आणि तोवर डिफ्लेक्टर नावाचा वेगळा भाग धार चाकावरून बाजूला वळवतो. कामं दोन, म्हणून यंत्रणा दोन. अशा गावात वाढून, इंजिनिअर होऊन, मी आजीसाठी काय केलं होतं? ती इथे एकटी, मी पुण्यात. तिला स्मार्टफोन दिला, घरात कॅमेरा लावला, औषधं ऑनलाइन मागवली. तीन सोयी, मला वाटलं तीन आधार.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचा पूर शिरला. त्या दिवशी आजीचा फोन लागेना, कॅमेरा दिसेना, वीज नाही. तिन्ही एकाच नेटवर्कवर. माझं ऑइल गळालं होतं. दोन दिवसांनी निरोप मिळाला: शेजारच्या काकू भर पावसात रोज दोन वेळा जाऊन तिला जेवण देत होत्या.

म्हणजे वेगळा कॅलिपर होता, पण तो मी बसवलेला नव्हता. खरं तर काकू म्हणजे माझ्यासाठी तो दगड होता. घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकामागे दगड लावतात, आणि ट्रक सुरू झाला की पुष्कळदा तो रस्त्यातच टाकून जातात. अडचणीला वापरायचा, नंतर मागे वळून बघायचंही नाही. पुरानंतर मी काकूंना एक फोन केला, थँक यू म्हणाले आणि चार वर्षं विसरून गेले.

आजी म्हणजे काही उतारावर लावलेली गाडी नव्हे, हे मलाही कळतं. ती स्वतःचं बघायला समर्थ आहे. उतारावर सोडून गेलेलं असेल तर ते माझं तिच्याशी असलेलं नातं.

त्या दिवाळीत मी काकूंकडे गेले आणि पहिल्यांदा नीट विचारलं: कधी अडलं तर चालेल का, आणि तुम्हाला काय लागतं? काकू म्हणाल्या, "चालेल गं. पण फक्त अडल्यावर फोन करू नकोस."

मित्राने कॅलिपर बसवला. मेकॅनिकने त्याला बजावलंय, लागो न लागो, हँडब्रेक रोज ओढायचा. नुसता पडून राहिला तर केबल गंजते. मी रविवारी काकूंना फोन करते. आजीचा विषय बहुतेक वेळा निघतच नाही.